एकाच छपराखालच्या अकरा सुना

कालिचा आपाच्या बैठकीत त्या दिवशी बावीस बायका, चार म्हातारे आणि एक मोबाइल होता. मोबाइल जमिनीवर पसरलेल्या दस्तरखानाच्या मधोमध, तळलेल्या बोरसोकांच्या ढिगाला टेकवून उभा केला होता आणि सगळे त्याच्याकडे अशा नजरेनं बघत होते की घरात जावई आल्यावरही कुणी बघत नाही.

"उजव्या हाताचा तळवा काचेवर ठेव," मोबाइलमधून घोगरा आवाज आला. मागे कोमुझ वाद्याची तार वाजत होती आणि पडद्यावर अर्चा झाडाच्या फांदीचा धूर निघत होता. "डोळे मीट. खोटं बोलू नकोस. मला दिसतं."

शेजारच्या साल्किननं तळवा ठेवला. पोर वीस वर्षांची, लग्नाची. सगळ्यांनी श्वास रोखले.

"डोंगर दिसतात," आवाज म्हणाला. "नारिनचा मुलूख. काल बर्फ पडून गेलाय, दाराशी चिखल आहे. लेकी, तुझ्या नशिबाचा माणूस वाटेत आहे, पण त्याची वाट बांधलेली आहे."

बायकांमध्ये कुजबुज उसळली. एकीनं खिडकीचा पडदा सारून बाहेर पाहिलं आणि खरंच चिखल आहे, असं सगळ्यांना सांगितलं. एप्रिल महिन्यात नारिनमधल्या आमच्या कोक-सेंगिर गावात चिखल नसलेला दिवस मी पंचावन्न वर्षांत पाहिलेला नाही, पण ते कुणाला आठवायचं नव्हतं.

या महापुरुषाचं नाव सापारअली ओलुया. ओलुया म्हणजे सिद्ध पुरुष, असं तो स्वतःच सांगायचा. तो कुठे राहतो ते कुणालाच माहीत नव्हतं. त्याची वेबसाइट तेवढी सगळ्यांच्या मोबाइलमध्ये राहायला आली होती. आधी एक अर्ज भरायचा: वय किती, घरात कोण कोण, सून आहे का, दुखणं काय. मग तळवा ठेवायचा. मग ज्याला सगळं दिसतं तो सांगायचा की आपा, तुझं वय एकसष्ट आहे आणि तुझ्या घरात एक सून आहे. की सगळ्या थक्क. आपणच पाच मिनिटांपूर्वी बोटानं टिपलेलं हे आहे, याचा पत्ताच नाही.

मी शाळेत एकोणीस वर्षं संगणक शिकवते. मला गप्प बसवेना.

"पाऊस-बर्फ तर माझाही फोन सांगतो," मी म्हटलं.

"तुझा फोन हात बघून सांगतो का?" कालिचा आपानं विचारलं.

"हाही हात बघत नाही, आपा. ती काच आहे. तिला तळहाताच्या रेषा दिसत नाहीत."

"उमसुनाय एजेला नवरा नाही, सासू नाही, सून नाही," मागून कुणीतरी म्हणालं. "तिच्या घरात सावली पडायला जागाच नाही." ती एजे, म्हणजे थोरली ताई, मी. सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण चहा चांगला होता.

चहा कालिचा आपाची सून बेगायिम ओतत होती. काखेत नऊ महिन्यांचा अयदार, दुसऱ्या हातात किटली. आमच्याकडे पियाला कधी भरत नाहीत. थोडासाच ओततात, म्हणजे पाहुण्यानं पुन्हा पुन्हा मागावा आणि सुनेनं पुन्हा पुन्हा द्यावा. भरून दिला तर त्याचा अर्थ एवढाच की आता पुरे, उठा. बेगायिमचा हात इतका नेमका होता की सव्वीस माणसांत एकाचाही पियाला कधी रिकामा राहिला नाही आणि कधी भरलाही नाही. तिचा नवरा वर्षभर रशियात बांधकामावर होता.

मग कालिचा आपानं स्वतःचा तळवा काचेवर ठेवला.

नुसती तार वाजत राहिली. मग आवाज म्हणाला, "आपा, तुझ्याच छपराखालची एक बाई तुझ्याआधी माझ्याकडे येऊन गेली आहे. काय मागून गेली, ते चारचौघांत सांगता यायचं नाही."

आपानं मोबाइल उचलला, सांगितलेली दक्षिणा तिथल्या तिथे पाठवली आणि आतल्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, काही नाही, डोकं दुखतंय. बेगायिमनं तिच्यापुढे पियाला धरला. आपानं तो घेतला नाही.

सोमवारी बेगायिम शाळेत आली. मुलं जेवायला गेली होती. ती दाराशीच उभी राहिली, बसायला तयार होईना.

"आपा माझ्या हातचं काही खात नाहीत," ती म्हणाली. "पीठही स्वतः मळतात. म्हणतात, तू ओलुयाला लिहिलंस. मी काहीच लिहिलेलं नाही, एजे. मी फोन घेते तो अयदारच्या बाबांशी बोलायला."

"काय लिहिलंस म्हणतात?"

तिनं मोबाइल काढला. आपानं तो आवाज जपून ठेवला होता आणि सुनेला ऐकवून झाल्यावर आपल्या मुलाला रशियात पाठवला होता. त्यानं तो बायकोला पाठवला होता, खाली एक शब्दही न लिहिता. घोगरा आवाज वाचत होता: "माझी सासू माझ्या छातीवर दगड होऊन बसली आहे. हे ओलुया, तिचे हातपाय बांध, तिची जीभ बांध."

ऐकता ऐकता माझे कान तापले. ते वाक्य मला पाठ होतं, कारण ते माझं होतं.

फेब्रुवारीत, या सापारअलीचं नाव गावात पहिल्यांदा आलं तेव्हा, शाळेच्या संगणकावरून मीच त्याला लिहिलं होतं. मला सासू कधी नव्हतीच. म्हटलं, बघू या हा सगळं दिसणारा मला न झालेली सासू ओळखतो का. त्यानं ओळखली. ती फार दुष्ट आहे असं त्यानं कळवलं आणि गाठी मारलेल्या दोऱ्याची किंमत सांगितली. मी पोटभर हसले, वहीत तारीख लिहिली आणि विसरून गेले.

"शुक्रवारी अक्साकाल निवाड्याला बसणार आहेत," बेगायिम सांगत होती. "माझ्या बाबांना बोलावलंय, मला घेऊन जायला. अयदारला ठेवून घेणार. लेकरू आमच्या रक्ताचं आहे म्हणतात. अजून अंगावर पितो तो, एजे."

त्या क्षणी मी तिला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. एकोणीस वर्षं सगळ्या गावाला अक्कल शिकवलेली बाई मी. माझ्याच चेष्टेनं हे घर पेटलंय, हे तोंडातून निघेना. मी म्हटलं, "शुक्रवारी मी येते." ती मान हलवून गेली.

ती गेल्यावर मी तिलेकला गाठलं. शाळेच्या छपरावर जी तबकडी आहे ती तिलेकची. तिच्यातून तो गावातल्या त्रेचाळीस घरांना इंटरनेट देतो. मी त्याला एकच गोष्ट विचारली आणि त्यानं ती एका वाक्यात सांगितली. मला ती आधीच माहीत होती, पण साक्षीदार हवा होता. मग तीन संध्याकाळी बसून मी एक छोटीशी वेबसाइट लिहिली. तिच्यावर ना धूर होता ना तार.

शुक्रवारी गावकचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलामागे तीन अक्साकाल, गावचे म्हातारे पंच, बसले होते, मध्ये असनाली अक्साकाल, पांढरा कल्पाक डोक्यावर, वय एक्क्याऐंशी. बेगायिमचे बाबा भिंतीशी उभे होते, कुणी खुर्ची दिली तरी बसत नव्हते. अयदार आत्तापासूनच आजीच्या मांडीवर होता. तो आईकडे हात करून रडत होता आणि आपा त्याला तिच्याकडे बघू देत नव्हती.

कालिचा आपानं मोबाइल टेबलावर ठेवून तो आवाज ऐकवला. ऐकताना मागच्या रांगांतल्या काही बायकांनी माना खाली घातल्या.

"तेव्हापासून माझा उजवा हात वर जात नाही," ती म्हणाली. "लोकर पिंजायला बसले तर बोटं मिटत नाहीत. आणखी काय पुरावा हवा?"

"हात कधीपासून दुखतो, आपा?" मी विचारलं.

"कधीपासून म्हणजे? दुखतोच आहे. गेल्या हिवाळ्यापासून."

"आणि ओलुयानं सांगितलं दहा दिवसांपूर्वी."

"मग शाप आधीचा असेल."

असनाली अक्साकालनं हात वर केला. "उमसुनाय, तुझं काय आहे ते सरळ सांग. उलटतपासणी नको."

मी म्हटलं, "अक्साकाल, या मोबाइलमध्ये अर्धंच आहे. पुढचं वाक्य मी सांगते. 'तिनं दिलेल्या भाकरीला मला मातीची चव येते. मला या घरातून मोकळं कर.' "

मागच्या रांगेतून बात्मा आपा उठून उभी राहिली.

"हे तुला कुणी सांगितलं? हे तर माझ्या सुनेनं लिहिलंय. मी कुणालाही बोलले नव्हते."

"तुझ्या सुनेनं?" खिडकीजवळून दुसरी म्हणाली. "तुझ्या कशी? ओलुयानं मला वाचून दाखवलं. माझ्या सुनेनं लिहिलंय ते. भाकरीसकट."

"मलाही भाकरीसकटच सांगितलंय," तिसरी म्हणाली आणि लगेच तोंडावर रुमाल धरला, पण उशीर झाला होता.

मग एकेक करून त्या उठल्या. घरातली लाज उंबऱ्याबाहेर न्यायची नाही म्हणून प्रत्येकीनं दक्षिणा भरली होती, ऐकलेलं गिळलं होतं आणि घरी जाऊन आपापल्या सुनेचा छळ मांडला होता. मी मोजलं, कालिचा आपा धरून. अकरा. अकरावी होती असनाली अक्साकालची बायको. ती दाराआडून हळूच म्हणाली, "मला वाटलं, आपल्याच घरात झालं."

अक्साकालनं तिच्याकडे असं पाहिलं की मला त्या म्हातारीची दया आली.

"अकरा सुना," ते म्हणाले. "अकराजणी एकच वाक्य लिहितात. एकीचाही शब्द इकडचा तिकडे नाही. हे कसं?"

"कारण अकरांपैकी एकीनंही लिहिलेलं नाही," मी म्हटलं. "मी लिहिलंय. तीन फेब्रुवारीला, शाळेतून, त्याची परीक्षा घ्यायला. ही वही बघा. ही तारीख. हे त्याचं उत्तर."

त्यानंतर जे झालं त्याला गोंगाट म्हणणं सौम्य होईल. बात्मा आपानं मला काय म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. बेगायिमनं फक्त मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

असनाली अक्साकालनं टेबलावर काठी आपटली. "बरं. तू लिहिलंस. पण त्याला आमचा मुलूख कसा दिसला? आणि तुझं लिहिलेलं त्यानं आमच्या घरांवर का टाकलं?"

"सगळ्यांनी फोन काढा," मी म्हटलं, "आणि मी फळ्यावर लिहिते ते उघडा."

माझी वेबसाइट उघडली. तिच्यावर फक्त एक लांबलचक आकडा दिसत होता.

"बात्मा आपा, मोठ्यानं वाचा."

तिनं चष्मा लावून वाचला. मग खिडकीजवळच्या बाईनं वाचला. मग तिलेकनं, मग बेगायिमच्या बाबांनी, कचेरीतलं तिलेकचं इंटरनेट त्यांच्याही फोनला जोडलेलं होतं म्हणून. चौदा माणसांनी आपापल्या फोनवरचा आकडा वाचला आणि प्रत्येकाचा तोच निघाला. पाचव्या-सहाव्या माणसानंतर लोक एका सुरात म्हणायला लागले.

"याला आयपी पत्ता म्हणतात," मी म्हटलं. "तुमचा फोन कुठल्याही वेबसाइटकडे काही मागतो तेव्हा, उत्तर कुठे पाठवायचं ते त्याला सांगावंच लागतं. नाहीतर उत्तर येणार कुठे? हा पत्ता समोरच्या यंत्राला आपोआप मिळतो. कोणता आकडा कोणत्या मुलखात वाटलेला आहे, याच्या याद्या मिळतात. त्या यादीत बघितलं की नारिन. मग नारिनचं हवामान बघितलं की बर्फ आणि चिखल. माझ्या वेबसाइटनं तुमचा पत्ता मिळवायला एक ओळ लागली, अक्साकाल. आठवीतली पोरं लिहितात ती."

"पण घरं त्रेचाळीस, आणि पत्ता एक?"

"तिलेक, सांग."

तिलेक लाजत उठला. "माझ्याकडे बाहेरचा पत्ता एकच आहे. सगळ्या घरांचं मागणं तबकडीतून त्या एकाच पत्त्यानं बाहेर जातं. आलेलं कुणाचं कुणाला द्यायचं ते माझं यंत्र आत वाटतं. बाहेरच्याला आतलं दिसत नाही."

अक्साकालांनी दाढी कुरवाळली. मग म्हणाले, "सामूहिक शेतीचा कोलखोज होता तेव्हा सगळ्या गावाची पत्रं 'कचेरी, कोक-सेंगिर' अशीच यायची. दुसरा पत्ताच नव्हता. हिशेबनीस वाटायचा."

"बरोबर तसंच."

"म्हणजे दूरवरचा एखादा गाढव ती पाकिटं बघून म्हणेल की ही सगळी माणसं एकाच घरात राहतात."

"तेच म्हणाला तो, अक्साकाल. त्याच्या यंत्रात एका पत्त्यावरून आलेलं सगळं एका घराच्या नावावर जमा होतं. आधी माझं पत्र जमा झालं. मग ज्या ज्या सासूनं त्याच पत्त्यावरून तळवा ठेवला, तिला तिच्या छपराखालचं म्हणून माझंच पत्र विकलं. शहरात प्रत्येक घराचा पत्ता वेगळा असेल तिथे त्याचा नेम लागतही असेल, आणि देव करो तिथल्या सुनांचं रक्षण. आपल्याकडे नेम चुकला एवढंच."

"हे सगळं तुझं बोलणं झालं," कालिचा आपा म्हणाली. तिचा आवाज बसला होता, पण हट्ट गेला नव्हता. "त्याला दिसतही असेल. तू त्याला बघितलंस कुठे?"

"मग त्यालाच विचारू." मी माझा फोन असनाली अक्साकालपुढे ठेवला. त्याआधी त्यात मी एक गोष्ट केली होती: माझं पाकीट मी जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरातल्या एका यंत्राकडे दिलं होतं, त्यानं ते स्वतःच्या पत्त्यानं पुढे टाकायचं. असं कुणालाही करता येतं. "अर्ज भरलाय, अक्साकाल. तळवा ठेवा."

म्हाताऱ्यानं काळवंडलेला, भेगाळलेला तळवा काचेवर ठेवला. तार वाजली. धूर निघाला. सगळं गाव पुढे झुकलं.

"दिसतंय," घोगरा आवाज म्हणाला. "मोठं पाणी दिसतं. जहाजं दिसतात. बाबा, तू वतनापासून फार लांब, जर्मनांच्या देशात, हॅम्बुर्ग शहरात बसला आहेस. बाहेर पाऊस लागून राहिलाय. तुझं मन घराकडे ओढतंय."

असनाली अक्साकालनं तळवा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि मग खिडकीबाहेरच्या लख्ख उन्हाकडे पाहिलं.

"मी नारिनच्या पुढे दोनदा गेलोय," ते म्हणाले. "एकदा सैन्यात आणि एकदा दात काढायला."

कालिचा आपा आणि मी सोडून सगळे हसायला लागले. मला त्या घोगऱ्या आवाजाचा राग येत होता आणि आजही येतो. तो माणूस कुठल्यातरी गरम खोलीत बसला असेल, कदाचित माणूस नसेलही, नुसतं यंत्र चालू ठेवून कुणी जेवायला गेलं असेल. एका आकड्याच्या जोरावर त्यानं अकरा घरांत विष कालवलं. त्यानं डोळे मिटायला सांगितले आणि आम्ही मिटले.

निकाल द्यायला अक्साकालांना उठावंही लागलं नाही. सुनेवर दोष नाही, एवढंच असनाली म्हणाले, आणि उरलेल्या दहा घरांनी आज संध्याकाळी आपापल्या सुनेच्या हातचा चहा प्यावा, असं आपल्या बायकोकडे बघत सांगितलं.

कालिचा आपा अयदारला घेऊन उठली. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. तिनं लेकरू बेगायिमच्या हातात दिलं आणि म्हणाली, "त्याला टोपी घाल. बाहेर वारा आहे."

बेगायिमनं टोपी घातली. मग शांतपणे म्हणाली, "आपा, मी महिनाभर बाबांकडे जाते. अयदारला घेऊन."

आपानं अक्साकालांकडे पाहिलं. असनाली म्हणाले, "जाऊ दे तिला." भिंतीशी उभे असलेले बाबा पहिल्यांदा खुर्चीत बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

महिन्यानं ती परत आली. मी भेटायला गेले. कालिचा आपानं स्वतः दस्तरखान पसरलं, लोणी पुढे केलं, हाताला तालुक्याच्या डॉक्टरांनी दिलेलं मलम कसं लागू पडलं ते सांगितलं. बेगायिम किटली घेऊन आली आणि तिनं माझा पियाला काठोकाठ भरला. आपा चपापली. तिला वाटलं, सुनेचा हात चुकला.

"एजे," बेगायिम खाली बघत म्हणाली, "तुम्हाला सोमवारीच माहीत होतं ना?"

"हो."

"मंगळवार, बुधवार, गुरुवार मी अयदारला जवळ घेऊन बसले होते. वाटायचं, हे शेवटचे दिवस."

मी पियाला दोन्ही हातांनी उचलला.

तर वाचणाऱ्यांना माझं सांगणं साधं आहे. काच तळवा बघत नाही. तुमचा मुलूख सांगणारा सिद्ध नसतो. तुमच्या पाकिटावर पत्ता असतो आणि तो त्यानं वाचलेला असतो. कुणी डोळे मिटायला सांगितलं तर उघडे ठेवा, आणि जे तुम्हाला एकांतात सांगितलं गेलं ते शेजारणीला जरूर सांगा; तिलाही तेच सांगितलेलं असेल. आणि तुमच्या घरातल्या बाईच्या मनात काय आहे ते कळायला दक्षिणा लागत नाही. ती समोर किटली घेऊन बसलेली असते. तिला विचारा. अकरा सासवांनी विचारलं नाही, आणि ज्या एका बाईला सगळं ठाऊक होतं तिनं तीन दिवस तोंड उघडलं नाही.

तो काठोकाठ भरलेला पियाला मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले आणि उठले.